ट्रंकेतला कागद थोडा वाळवीला खाऊ द्या

प्रिय ताई,
मी ठाण्याची. वय ४६. बँकेत गृहकर्जाची कागदपत्रं तपासते. तीन वर्षं झाली, रात्री साडेदहानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एक कादंबरी लिहितेय. त्यात दोन काळ आहेत. एक १७७३-७४ चा: नारायणराव पेशव्यांचा खून, आनंदीबाई, गंगाबाई, बारभाई. दुसरा आजचा. पुण्यातल्या मुग्धाच्या आजीचा पेठेतला वाडा बिल्डरला जायचा आहे. आवराआवरीत तिला ट्रंकेत मोडीतलं एक पत्र सापडतं. ते आनंदीबाईच्या दासीने लिहिलेलं असतं आणि खरं काय घडलं ते सगळं त्यात असतं. २२ प्रकरणं झालीत, एक तेव्हाचं, एक आत्ताचं. वाचनगटातल्या चौघींना वाचायला दिली, तर चौघींनीही मुग्धाची प्रकरणं नुसती चाळली. एक तर म्हणाली, "मुग्धाला काढून टाक, पेशवाईच ठेव." मला ते पटत नाही, पण तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. शिवाय आनंदीबाईला मी निर्दोष दाखवलंय. नवरा म्हणतो, लोक खवळतील. आणि त्या काळच्या बायकांनी बोलायचं कसं? माझ्या बायका कधी कीर्तनकारासारख्या बोलतात, कधी ऑफिसातल्यासारख्या. सोबत पहिली पाच प्रकरणं, मुग्धाचं बारावं आणि बाकीच्यांचा सारांश जोडलाय. काय करू?
– 'ध', ठाणे

प्रिय 'ध',

सही आवडली. प्रकरणं दोनदा वाचली. पहिल्यांदा मीही मुग्धाला चाळूनच पुढे गेले, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्यांदा बाराव्या प्रकरणात एका वाक्याला अडखळले आणि तिथेच थांबले. त्या वाक्याकडे येतेच.

आधी ट्रंक. तुमच्या ट्रंकेत अडीचशे वर्षांचा कागद पैठणीच्या घडीखाली अख्खाच्या अख्खा पडून आहे. मुग्धा तो उलगडते आणि दिवाळी अंक वाचावा तसा वाचते. अहो, वाळवी गेली कुठे? कसर गेली कुठे? आणि मोडी तिला आली कधी? निवृत्तीनंतर मी मोडीच्या वर्गाला जात होते. पानभर आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लोंबकळत सोडायची, अशी ती लिपी. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा नाही, पूर्णविराम नाही, अनुस्वार असला तर असला. पहिल्या महिन्यात मला कागदावरचं धड वाचता आलं ते 'श्री' आणि तुपाच्या हिशेबातले आकडे. एका संध्याकाळी तासभर झटून एक ओळ सोडवली. त्यात कुणीतरी कुणाला लिहिलं होतं की बैल पोचले. तो आनंद मी अजून विसरलेले नाही. मुग्धाला तुम्ही हा आनंद एकदाही मिळू दिलेला नाही. कागद सापडला, वाचला, रहस्य उलगडलं, आणि मग उरलेली सतरा प्रकरणं तिला काही कामच नाही. वाचनगटातल्या बायकांनी पानं उगाच उलटली नाहीत.

दुसरी अडचण त्याहून मोठी. पत्र दासीने लिहिलंय. १७७३ सालच्या दासीला लिहिता येत होतं, हे वाचकाच्या गळी कसं उतरवणार? लिहिणारी दासी अपवाद म्हणून दाखवता येईल, पण मग तो अपवादच कादंबरीचा विषय होऊन बसेल. एक सोपी वाट आहे, आणि माझ्या मते जास्त चांगली. तिला लिहायला लावूच नका. तिला बोलू द्या. चौकशी होते, कारकून समोर बसतो, ती सांगते आणि तो लिहून घेतो. जबानी. म्हणजे कागदावर तिचं म्हणणं आहे, पण अक्षर त्याचं आहे. तिने काय सांगितलं आणि त्याने काय लिहिलं, या दोहोंत एक फट राहिली. तुमची कादंबरी त्या फटीत राहते.

आता मला सांगा, ही जबानी मुग्धाच्या आजीच्या ट्रंकेत आली कशी? तुमच्या मसुद्यात याला उत्तर नाही, "पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं" एवढंच आहे. मी सुचवते: तो कारकून मुग्धाच्याच घराण्यातला. दफ्तरात जायला हवा होता तो कागद त्याने घरी आणला. का आणला ते घरात कुणालाच ठाऊक नाही. आणि आता तो अर्धा खाल्लेला आहे. जिथे दासी सांगायला लागते की दुपारी तिने बाईसाहेबांच्या दालनात काय पाहिलं, तिथेच भोक. वाळवीची मर्जी.

आता बाराव्या प्रकरणातलं ते वाक्य. "दोघी आत्यांच्या सह्या आणायचं काम बाबांनी मुग्धाकडे दिलं, आणि ती चिंचवडला जाऊन आली." झालं. पुढच्या ओळीत मुग्धा पुन्हा ट्रंकेपाशी. 'ध', तुम्ही दिवसभर जे कागद तपासता, त्यातला सगळ्यात स्फोटक कागद तुम्ही एका ओळीत उरकलात! त्या सह्या कशावर होत्या? हक्कसोडपत्रावर ना? तुमच्या टेबलावरून असे किती गेले असतील. भाऊ गाडी करून बहिणींना रजिस्ट्रार कचेरीत घेऊन येतो, वाटेत सगळ्यांना मिसळ खायला घालतो, "नुसती सही आहे गं, वाड्याचं काम अडलंय," म्हणतो, आणि बहीण चष्मा विसरलेला असतो म्हणून न वाचताच सही करते. माझ्या ओळखीत एकीने साडीवर हक्क सोडला. साडी चांगली होती, असं ती आजही सांगते.

मुग्धा नेमकं कोणतं काम करतेय, हे तिला तुम्ही कळू दिलेलं नाही. ती कागद घेऊन आत्याच्या दारात उभी आहे. घरातल्या पुरुषांनी मजकूर ठरवलाय, बाईची फक्त खूण हवी आहे. त्याच आठवड्यात ती मोडीची अक्षरं लावत बसलीये आणि तिच्या लक्षात येतं की आपल्या खापरपणजोबांच्याही वरच्या कुणा पूर्वजाने नेमकं हेच काम केलं होतं: बाईचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि खाली तिची निशाणी घ्यायची. इथे तुमचे दोन काळ एकमेकांना शिवले जातात. कानातल्या कुड्या दोन्हीकडे दाखवायची गरज नाही. (त्या कुड्या काढून टाका. तिसऱ्या प्रकरणात आनंदीबाईच्या कानात आणि चौथ्यात मुग्धाच्या कानात त्या बघून मी डोळे मिटले.)

कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असणार, पण नाट्य कुठे आहे ते दाखवते. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, पण कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. ती अट केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे मोठ्या आत्याचं लग्न १९८९ चं आणि धाकटीचं १९९६ चं असेल, तर मधली काही वर्षं एकाच आईच्या दोन लेकींपैकी एक वाड्याची हिस्सेदार होती आणि दुसरी पाहुणी. दोघींनी ती वर्षं एकमेकींशी कशी काढली असतील? मोठी माहेरपणाला आली की कुठल्या खोलीत निजायची? हे लिहा. हे तुम्हीच लिहू शकता. पेशवाई लिहिणारे पुष्कळ आहेत, पण वाड्याच्या सातबारा-प्रॉपर्टी कार्डाची भाषा येणारी कादंबरीकार माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता पेशवाईकडे. मुग्धा वाचकाला का धरत नाही ते सांगितलं. तुमची जुनी प्रकरणं जास्त चांगली आहेत यात शंका नाही, पण त्यांनाही एक खोड आहे. ती खुनाकडे धावत सुटलेली आहेत. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, वाड्यात गणपती बसलेले, भर दुपारी गारदी आत घुसतात आणि अठरा वर्षांचा पेशवा काकाला मिठी मारतो. मराठी वाचकाला हे चौथीपासून पाठ आहे. "काका मला वाचवा" तर आपण आट्यापाट्या खेळतानाही ओरडायचो. तिकडे जायला तुम्ही २०० पानं घेता आणि वाचक आधीच तिथे जाऊन बसलेला असतो. खून पहिल्या वीस पानांत होऊन जाऊ द्या. तुमची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

हिशेब करून बघा. सवाई माधवरावाचा जन्म पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ ला झाला. खून ते जन्म, २३१ दिवस. म्हणजे नवऱ्याचे तुकडे झाले त्या दुपारी गंगाबाईला जेमतेम दिवस गेलेले होते. कदाचित तिची तिलाही खात्री नसेल. मग ही बातमी सगळ्यात आधी कुणाला कळली? सखारामबापू बोकील किंवा नाना फडणीस यांना नक्कीच नाही. ज्या घरात बाई दर महिन्याला चार दिवस बाजूला बसते, त्या घरात कुणाला कावळा शिवला आणि कुणाला शिवला नाही हे माजघराला तोंडपाठ असतं. धुणं धुणारीला कळतं. पाणी तापवणारीला कळतं. सोवळ्यातल्या म्हाताऱ्या बायकांना तर तिच्या चालण्यावरून कळतं. सगळी मराठी दौलत ज्या एका बातमीवर उलटायची होती, ती बातमी काही दिवस तरी फक्त बायकांकडे होती. त्यांनी ती कुणाला सांगितली, कुणापासून लपवली, आणि का? आनंदीबाईच्या बाजूची एखादी कुणबीण मोरीपाशी उभी राहून दिवस मोजतेय, असं मला तुमच्या पानांवर बघायचंय. तुमच्या पाच प्रकरणांत विहिरीपाशी, मोरीपाशी, चुलीपाशी एकही प्रसंग नाही. सगळ्या बायका दिवाणखान्याच्या पडद्याआड उभ्या राहून पुरुषांचं बोलणं ऐकतायत.

रघुनाथराव पेशवाईची वस्त्रं घेऊन मोहिमेवर गेला, मागे त्याच्याविरुद्ध कारभारी एक झाले, म्हणजेच बारभाई जमले, आणि जानेवारी १७७४ मध्ये गंगाबाईला पुरंदरावर हलवलं. सोबत पार्वतीबाई, पानिपतावर बेपत्ता झालेल्या सदाशिवरावभाऊंची बायको. तुम्ही तिला दोन ओळी दिल्यात. हात जोडते, तिला पानं द्या. भाऊ गेला हे तिने कधीच मान्य केलं नाही. १७६१ पासून १७८३ मध्ये स्वतः जाईपर्यंत बावीस वर्षं ती सुवासिनीच राहिली. आता डोळ्यासमोर आणा: किल्ल्यावर एका पालखीत नुकती विधवा झालेली पोर, पोटाशी. दुसरीत ही प्रौढ बाई, जिला सगळे मनातून विधवा समजतात आणि जी रोज कुंकू लावते. आणि एक कारकून तिला पत्र लिहायला बसलाय. सुवासिनीला लिहायचं तर मायना 'वज्रचूडेमंडित', विधवेला लिहायचं तर 'गंगाभागीरथी'. बोरू शाईत बुडवलेला आहे. तो कोणता मायना लिहील? तुमच्या त्या पूर्वज-कारकुनाचा हा पहिला प्रसंग होऊ शकेल. बाई कोण आहे हे तो एका शब्दात ठरवणार आहे, आणि त्याला ते कळतंय.

पुरंदरावरची आणखी एक कुजबूज तुमच्या उपयोगाची आहे. मुलगी झाली तर बदलायला मुलगा हाताशी असावा म्हणून आणखी गरोदर ब्राह्मण बायकाही गडावर नेऊन ठेवल्या होत्या, अशी वदंता होती. झालेला मुलगा खरा पेशव्यांचा नव्हेच, असं म्हणणं रघुनाथरावाच्या पक्षाला सोयीचंच होतं, त्यामुळे वदंतेला पाय फुटायला वेळ लागला नसणार. खरंखोटं सोडा. कादंबरीकार म्हणून त्यातल्या एका बाईचा विचार करा. कुठल्याशा गावातून तिला उचलून आणलंय, सांगितलंय काय, तर बाळंतिणीच्या सोबतीला चल. आपल्या पोटातला जीव कशासाठी मोजला जातोय हे तिला कधी कळतं? चाळीस दिवसांच्या पोराला पेशवाईची वस्त्रं मिळाल्यावर तिचं आणि तिच्या बाळाचं काय झालं? तिला इतिहासात नाव नाही, म्हणून तिच्याबाबतीत तुमचे हात मोकळे आहेत. मी तरी हाच नियम पाळते: ज्यांचे कागद आहेत त्यांना कागदाविरुद्ध वागवायचं नाही, ज्यांचे नाहीत त्यांना पोटभर जगू द्यायचं.

शनिवारवाड्यातही अशा दोघी आहेत. त्या दुपारी नारायणरावाबरोबर जे मारले गेले, त्यांत दोन दासीही होत्या. चापाजी टिळेकर पेशव्याच्या अंगावर पडला म्हणून त्याचं नाव राहिलं. त्या दोघी कुठे उभ्या होत्या, का धावल्या, की नुसत्या वाटेत आल्या? तुमची जबानी देणारी दासी त्यांच्यातल्या एकीची बहीण, जाऊ, शेजारच्या चटईवर झोपणारी कुणीही असू शकते. तिला सांगायचंय ते त्या दोघींबद्दल. आणि कारकून पुन्हा पुन्हा विचारतोय आनंदीबाईबद्दल.

म्हणजे आलोच आपण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर. निर्दोष की दोषी?

आनंदीबाईने 'धरावे'चं 'मारावे' केलं, ही गोष्ट ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकाराने १८२६ साली छापलेल्या इतिहासात आहे. खुनानंतर ५३ वर्षांनी. तोवर आनंदीबाईला जाऊन ३२ वर्षं झाली होती, पेशवाई बुडाली होती, आणि तिचा मुलगा बिठूरला तनख्यावर दिवस काढत होता. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि रघुनाथरावाला दोषी ठरवून पुणं सोडलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण गंमत बघा, शास्त्रीबोवांनी दोषी धरलं पुरुषाला, आणि म्हण झाली बाईवरून. 'ध चा मा'. आपल्यापुढे तो कागद नाही, आहे ती त्या कागदाची गोष्ट. गोष्टीत भीती कसली आहे ते जरा नीट बघा: तलवार गारद्यांच्या हातात आहे, हुकूम नवऱ्याचा आहे, आणि सगळ्यांचा थरकाप होतो तो बाईच्या हातातल्या बोरूने. लिहिता येणारी बायको. हिला कुणी शिकवलं?

आणखी एक. आज 'कारस्थान' शब्द शिवीसारखा लागतो. तेव्हा तो राजकारणातल्या मसलतीलाही वापरायचे, म्हणून तर बारभाईंचं कारस्थान शाळेच्या पुस्तकात मानाने आलं. गरोदर विधवेला रातोरात किल्ल्यावर हलवणं ही मुत्सद्देगिरी ठरली, आणि कैदेतल्या नवऱ्यासाठी आनंदीबाईने जे काही केलं असेल ते कपट. हा भेद तुम्ही बोलून दाखवू नका. बाराव्या प्रकरणात मुग्धाचे बाबा बिल्डरशी जे करतात त्याला घरात 'व्यवहार' म्हणतात, आणि धाकटी आत्या वकिलाला भेटून आली तर 'कारस्थानी आहे पहिल्यापासून'. एवढं पुरे.

म्हणून माझा सल्ला: निकाल देऊ नका. निर्दोष आनंदीबाई मला तुमच्या मसुद्यात सगळ्यात कंटाळवाणी वाटली. ती फुलं गुंफते, गंगाबाईवर माया करते आणि खुनाची बातमी ऐकून मूर्च्छित पडते. ही बाई असली असती तर तिच्यावर म्हण कशाला झाली असती? तिला काहीतरी हवं असू द्या. नवरा त्याच वाड्यात कैदेत आहे, दारावर चौक्या आहेत, पुतण्या गादीवर आहे. तिला नवऱ्याची सुटका हवी आहे, पेशवीणबाई म्हणवून घ्यायचंय, मुलगा हवा आहे. कागद तिच्या हातात येतो तिथपर्यंत वाचकाला न्या. दौत आहे, वाळूची डबी आहे. आणि मग जबानीतलं भोक. तुमच्या नवऱ्याची भीतीही यात मिटते. तुम्ही कुणाला सोडवत नाही की फाशी देत नाही, त्यामुळे खवळणाऱ्यांना खवळायचं तर आधी पुस्तक वाचावं लागेल.

लिहिण्याआधी एक करून बघा. मोडीची बाराखडी घ्या, बोरू नाही तर तिरप्या टोकाचं पेन घ्या, 'धरावे' लिहा आणि त्याचं 'मारावे' करायचा प्रयत्न करा. हात कुठे अडतो, शाई कुठे दाट होते, लपतं का, नजरेला कळतं का. मुग्धालाही हेच करू द्या, आत्याच्या हक्कसोडपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. बाबा ते बघतील तेव्हा काय होईल याची मला फार उत्सुकता आहे.

आनंदीबाईची पुढची गोष्ट तर तुम्ही सोडूनच दिलीत. खुनानंतर ती तुमच्या कादंबरीतून गायब होते. अहो, पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला त्याच सुमाराला हिलाही दिवस गेले! रघुनाथराव बारभाईंपुढे पळत सुटला आणि हिला धारच्या किल्ल्यात ठेवून गेला. तिथे १० जानेवारी १७७५ ला बाजीराव जन्मला. दोन किल्ले, दोन बाळंतपणं, नऊ महिन्यांचं अंतर, आणि दोन्ही पोरं पुढे पेशवे. गंगाबाई १७७७ मध्ये गेली, पोर तीन वर्षांचं टाकून, आणि तिच्या मरणाभोवतीही लोकांनी कुजबूज केलीच. आनंदीबाई १७९४ मध्ये गेली. सवाई माधवराव गेला १७९५ मध्ये आणि मग तिचा मुलगा गादीवर बसला. दोन वर्षांसाठी चुकलं तिचं. पुरंदरच्या प्रत्येक प्रकरणाशेजारी धारचं प्रकरण उभं करा. मग मुग्धाचं प्रकरण एकाआड एक यायलाच हवं असं राहणार नाही. तिची कधी तीन सलग येऊ देत, कधी अर्धं पान. एक तेव्हाचं, एक आत्ताचं, हे वेणी घातल्यासारखं वळण वाचकाला चौथ्या प्रकरणात पाठ होतं.

भाषेचं म्हणाल तर तुम्ही घाबरताय तेवढं अवघड नाही. संवादात 'जाहले', 'करोन', 'येणेप्रमाणे' घालू नका, ती पत्रातली भाषा. माणसं तशी बोलत असतील असं मला वाटत नाही. साधं बोलू द्या, फक्त तेव्हा नसलेले शब्द गाळा. तुमची गंगाबाई "मला फार एकटेपणा जाणवतो" म्हणते. तिने "इथे कोणी माझं नाही" म्हटलं की झालं. पुरुषांच्या तोंडी मात्र फारसी भरपूर येऊ द्या: मसलत, खलबत, बंदोबस्त. बायका ते शब्द कधी उचलतात हे दाखवलंत तर तेवढ्याने कळेल कोण दिवाणखान्याच्या किती जवळ आहे. कारकुनाच्या कागदावर मात्र जुनी भाषा पूर्ण वापरा, आणि तारीख घालताना अरबी सन घाला. खून आणि सवाई माधवरावाचा जन्म दोन्ही एकाच सालात पडतात, अर्बा सबैन मया व अलफ. मुग्धाला या चार शब्दांवर एक आख्खा रविवार खर्च करू द्या. चार, सत्तर, शंभर, हजार. बेरीज ११७४. मग ५९९ मिळवून १७७३. बँकेतली बाई आहात, ही बेरीज तुम्ही छान लिहाल.

थोडं पायी हिंडा. शनिवारवाड्यात १८२८ च्या आगीने जोती आणि तट तेवढे ठेवलेत. आत उभं राहून कुठलं दालन कुठे हे कळणार नाही, आणि मुग्धालाही कळता कामा नये. नारायण दरवाज्यापाशी मात्र थांबा, नारायणरावाचं प्रेत त्यातून बाहेर नेलं. पौर्णिमेच्या रात्री तिला किंकाळी ऐकू येते ते प्रकरण सहावं का? ते जाऊ द्या. खून दुपारचा, तिथी त्रयोदशी, भुताला तरी पंचांग हवं. पुरंदरला एप्रिलमध्ये जा, ओळखपत्र बरोबर ठेवा, लष्कराच्या ताब्यात आहे. चढताना नऊ महिन्यांची बाई इथे पालखीतून चढतेय असं धरून पायाखाली बघत चाला. (जानेवारीत नेलं तेव्हा सहावा असेल, हे लिहितानाच लक्षात आलं. तुम्ही महिने नीट मोजा.)

वाचनगटातल्या त्या मैत्रिणीला मुग्धा ठेवतेय म्हणून सांगा, पण आधी चिंचवडची आत्या लिहून काढा. दार उघडल्यापासून सही होईपर्यंत, किंवा न होईपर्यंत. पंधरा पानं तरी व्हायला हवीत. ती मला पाठवा, बाकीचं नंतर बघू.

आणि पाचव्या प्रकरणात शनिवारवाड्यात पार्वतीबाई गंगाबाईसाठी टोमॅटोचं सार करवून घेते. तेवढं आमसुलाचं करा.